आधी लेखाशीर्ष पाहा : संवर्धनासाठीचा आंतरराष्ट्रीय सरकारी निधी आणि छोट्या संस्था

प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीतल्या कासवांवर आठ वर्षे काम करणारी एक छोटी संस्था आहे. तिच्याकडे सर्वेक्षणाची भक्कम माहिती आहे आणि काठावरच्या गावांशी तिचे संबंध चांगले आहेत. तरीही दोन वेगवेगळ्या देशांच्या सरकारी योजनांकडे पाठवलेले तिचे दोन्ही अर्ज पहिल्याच टप्प्यात नाकारले गेले. एका नकारपत्रात ‘विकासाच्या उद्दिष्टांशी असलेला संबंध स्पष्ट होत नाही’ असे म्हटले होते, तर दुसऱ्यात ‘मागितलेली रक्कम संस्थेच्या आर्थिक क्षमतेच्या मानाने मोठी आहे’ असे. प्रजाती धोक्यात आहे हे दोन्ही पत्रांत मान्य केले आहे. मग पैसा का मिळत नाही, आणि तो मुळात वाटला कसा जातो, असे संस्थेने विचारले आहे.

मी वीसेक वर्षे अशा अनुदानांवर चालणारे प्रकल्प सांभाळले आहेत आणि मधली काही वर्षे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवरही बसलो आहे. त्यामुळे उत्तराची सुरुवात अशा एका गोष्टीने करतो, जी मला स्वतःला समजायला पाचसहा वर्षे आणि तीन नकार लागले. सरकारी पैसा ‘संवर्धनासाठी’ असा मोघम कधीच नसतो. तो कोणत्या तरी देशाच्या अर्थसंकल्पातल्या एका ठरावीक लेखाशीर्षाखालून, म्हणजे ठरलेल्या कारणासाठीच्या खर्चाच्या खात्यातून, निघतो. ते लेखाशीर्ष एखाद्या कायद्यामुळे, करारामुळे किंवा सरकारने जाहीर केलेल्या धोरणामुळे उघडलेले असते. आणि ज्या कारणासाठी ते उघडले, त्या कारणाचा हिशेब संसदेला आणि लेखापरीक्षकाला द्यावा लागतो. अर्ज वाचणारा माणूस मनाने कासवाच्या बाजूचा असला, तरी त्याला ‘हे कासव वाचवण्याजोगे आहे का’ असे कोणी विचारलेले नसते. त्याला विचारलेले असते ते हे, की हा खर्च या लेखाशीर्षात बसतो का आणि तो बसला असे उद्या दाखवता येईल का. तुमची दोन्ही नकारपत्रे याच प्रश्नाची उत्तरे आहेत, आणि त्यांत तुमच्या शास्त्रीय कामाविषयीचा अभिप्राय जवळजवळ नाही.

यांतल्या बऱ्याच पैशामागचे आंतरराष्ट्रीय बंधन १९९२ च्या रिओ परिषदेत सह्यांसाठी खुल्या झालेल्या आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आलेल्या जैवविविधता करारातून येते. त्याच्या २० व्या कलमानुसार विकसित देशांनी ‘नवा आणि अतिरिक्त’ निधी द्यायचा आहे. पण तो सरसकट नाही, तर कराराची बंधने पाळताना विकसनशील देशांना जो वाढीव खर्च सोसावा लागतो त्यापुरता. एखादा देश आपल्या शहराला पाणी मिळावे म्हणून पाणथळ जागा राखत असेल, तर तो खर्च त्याचा स्वतःचा. त्याच पाणथळीत जगाच्या दृष्टीने मोलाची प्रजाती टिकावी म्हणून जास्तीचे जे करावे लागते, ते वाढीव. कागदावर सोपी वाटणारी ही विभागणी प्रत्यक्षात कोणालाच नीट करता आलेली नाही, असे माझे मत आहे. परंतु जवळजवळ प्रत्येक अर्जात ‘हे अनुदान मिळाले नाही तर काय होईल’ हा जो प्रश्न असतो, त्याचे मूळ तिथे आहे. त्याला ‘काम थांबेल’ असे उत्तर देऊ नका. कोणते काम तुम्ही तसेही करणार आहात, कोणते सरकारचे वनखाते किंवा मत्स्यखाते करणार आहे आणि नेमके कोणते या पैशाविना होणार नाही, हे वेगवेगळे लिहा.

या कराराची वित्तयंत्रणा म्हणजे ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी, अर्थात जीईएफ. ती १९९१ मध्ये जागतिक बँकेत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९९४ मध्ये तिची पुनर्रचना झाली. देणगीदार देश दर चार वर्षांनी तिच्यात भर घालतात. जुलै २०२२ ते जून २०२६ या आठव्या फेरीसाठी २९ देशांनी ५.३३ अब्ज डॉलर कबूल केले. हा आकडा वाचून अनेक छोट्या संस्था थेट जीईएफच्या दारात जाऊन उभ्या राहतात, आणि ते दार त्यांच्यासाठी नसतेच. तिथे प्रत्येक देशाचा वाटा एका सूत्राने ठरतो, त्या देशाच्या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे संमतिपत्र लागते, आणि प्रस्ताव मांडण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम किंवा जागतिक बँक यांच्यासारख्या १८ मान्यताप्राप्त संस्थांनाच असतो. कल्पना कागदावर येण्यापासून पहिला हप्ता मिळेपर्यंत दोन वर्षे सहज जातात. तुमच्यासारख्यांना तिथली खरी वाट म्हणजे १९९२ पासून चालत आलेला लघु अनुदान कार्यक्रम. त्यातली कमाल रक्कम बरीच वर्षे ५०,००० डॉलर होती. निवड देशातलीच एक सुकाणू समिती करते आणि तिच्यात बिगरसरकारी सदस्यांचे बहुमत असते. म्हणजे तुमची नदी ज्यांनी पाहिली असण्याची शक्यता आहे, अशी माणसे तुमचा अर्ज वाचतात. या एका गोष्टीचे महत्त्व फार आहे.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या मोठ्या आकड्यांविषयी दोन शब्द. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे स्वीकारलेल्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्याच्या १९ व्या लक्ष्यानुसार विकसनशील देशांकडे जाणारा आंतरराष्ट्रीय निधी २०२५ पर्यंत वर्षाला किमान २० अब्ज आणि २०३० पर्यंत किमान ३० अब्ज डॉलर व्हावा असे ठरले. पण ही रक्कम मोजली कशी जाते? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, पद्धतीत प्रत्येक मदत-प्रकल्पाला जैवविविधतेसाठी शून्य, एक किंवा दोन अशी खूण दिली जाते. दोन म्हणजे जैवविविधता हाच मुख्य हेतू, एक म्हणजे अनेक हेतूंपैकी एक. एक खूण असलेल्या सिंचन किंवा शेती प्रकल्पाची पूर्ण रक्कम धरायची, की काही टक्केच, हे ज्याचे तो देश ठरवतो. शिवाय त्यात कर्जेही असतात. त्यामुळे या अब्जांपैकी खुल्या स्पर्धेतून संस्थांपर्यंत पोचणारा भाग लहान असतो, आणि आकडा वाढला म्हणून तुमची शक्यता त्याच प्रमाणात वाढली असे समजू नये.

तुमच्या कामाचा आता खरा संबंध येतो तो एकेका देशाच्या स्वतःच्या योजनांशी, आणि लेखाशीर्षाचा मुद्दा इथे सर्वांत ठळकपणे दिसतो. तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो.

ब्रिटनची डार्विन इनिशिएटिव्ह ही योजना १९९२ मध्ये रिओ येथेच जाहीर झाली. आज तिचा पैसा ब्रिटनच्या अधिकृत विकास साहाय्यातून येतो आणि असा पैसा खर्च करताना तिथल्या २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्यानुसार गरिबी कमी होण्यास हातभार लागेल, हे पाहावे लागते. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात स्त्री-पुरुष समानतेचा विचार करण्याचे बंधनही आले. जर्मनीचा आंतरराष्ट्रीय हवामान उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तो उत्सर्जन परवान्यांच्या लिलावातून आलेल्या पैशावर. जैवविविधतेला त्यात मोठी जागा आहे, पण त्याचा पिंड हवामानाचा आहे. अमेरिकेत याच्या उलट, प्रजातींच्या नावाने कायदे आहेत: आफ्रिकी हत्तींसाठी १९८८ चा, गेंडे आणि वाघ यांच्यासाठी १९९४ चा, आशियाई हत्तींसाठी १९९७ चा, मोठ्या वानरांसाठी २००० चा आणि समुद्री कासवांसाठी २००४ चा. यांतल्या शेवटच्या कायद्याची व्याप्ती २०१९ मध्ये वाढवून त्यात गोड्या पाण्यातली आणि जमिनीवरची कासवेही घेण्यात आली. म्हणजे २०१८ मध्ये तुमच्या कासवाला त्या खात्यात जागाच नव्हती, आणि पुढच्या वर्षी ती झाली. कासव तेच, त्याचा धोकाही तोच, फक्त कायद्यातले शब्द बदलले. योजना शोधताना मी नेहमी तिच्या संकेतस्थळावरची सुंदर छायाचित्रे सोडून आधी ती ज्या कायद्याखाली चालते त्याचा हेतू सांगणारे कलम वाचतो. अर्ध्या तासाचे काम असते आणि दीड महिन्याचे अर्जलेखन वाचते.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की एकच प्रकल्प तीन रंगांत रंगवून तीन ठिकाणी पाठवावा. समितीवर असताना असे रंगवलेले अर्ज मी शेकड्याने वाचले आहेत, आणि ते दुसऱ्या पानावरच ओळखू येतात. स्वतःला विचारायचे ते असे, की आपण जे खरोखर करणार आहोत ते या तिन्हींपैकी कोणत्या हेतूला मनापासून पोचते. दोन ठिकाणी पोचत नसेल, तर तिथे अर्ज न करणे हाच शहाणपणा. न केलेल्या अर्जाचा वेळ क्षेत्रकामाला मिळतो.

पहिल्या नकाराचा अर्थ आता लागेल. ‘विकासाशी संबंध’ म्हणजे शेवटी जोडलेला उपजीविकेचा परिच्छेद नव्हे. मधमाश्यांच्या पेट्या, शिलाई यंत्रे आणि पर्यटकांसाठी चार खोल्या, ही त्रिमूर्ती मी इतक्या प्रस्तावांत पाहिली आहे की कासव असो, माकड असो वा ऑर्किड, गावाला मिळते तेच. यात दोष पेट्यांचा नाही. त्या पेट्यांमुळे कासवाचे काय बदलणार हे कोणीच सांगत नाही, हा आहे. ज्या घराला मधातून चार पैसे जास्त मिळाले, ते घर त्या पैशातून आणखी एक जाळे विकत घेऊ शकते. तसे होणार नाही असे तुम्हाला का वाटते, हे लिहिलेले असले पाहिजे.

तुमच्याकडे आठ वर्षांची माहिती आहे, तिचाच उपयोग इथे करा. कासवे मरतात ती कशाने? गलजाळ्यांत, म्हणजे माशांचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यांत, अडकून मरत असतील, तर कोणत्या महिन्यांत, नदीच्या कोणत्या पट्ट्यात, किती आकाराच्या जाळ्यांत, आणि ती जाळी लावणारी घरे किती? कासव अडकले की जाळे फाटते, म्हणजे नुकसान मच्छीमाराचेही होते. ते वर्षाला किती होते? हा आकडा नसल्यास हंगामभर पन्नास घरांत विचारून काढा. अंड्यांच्या वाळूपट्ट्यांवर चार महिने माणसांचा वावर थांबवायचा असेल, तर त्या पट्ट्यांवर शेती कोण करते, वाळू कोण काढते, गुरे कोण नेते, आणि त्यांतली भूमिहीन घरे कोणती? संरक्षणामुळे कोणाचे काय जाते हे ज्या अर्जात मोकळेपणाने लिहिलेले असते, त्यावर समितीचा विश्वास बसतो; ‘सर्वांचा लाभ’ लिहिलेल्या अर्जावर बसत नाही. आणि या साऱ्याची मोजणी घरटी नव्हे, तर माणसागणिक, स्त्रिया व पुरुष वेगळे, अशी लागते, कारण देणाऱ्या खात्याला आपल्या कायद्याखाली तसाच हिशेब द्यायचा असतो. प्रकल्पाच्या आधीची स्थिती, म्हणजे बेसलाइन, पहिल्या वर्षी मोजू असे लिहिण्यापेक्षा तिचा काही भाग आधीच मोजून ठेवलेली संस्था सरस ठरते. तुम्ही तिथे आहातच, फक्त तुमची बेसलाइन कासवांची आहे, माणसांची नाही.

दुसरा नकार पैशाच्या क्षमतेचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागचे धोके खरे आहेत. अनेक योजनांत असा दंडक असतो की एका वर्षाची मागणी संस्थेच्या गेल्या काही वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या ठरावीक हिश्श्याहून, उदाहरणार्थ पाव भागाहून, जास्त नसावी. छोट्या संस्थांना हा अन्याय वाटतो. मलाही वाटत असे, पहिले मोठे अनुदान मिळेपर्यंत.

त्या अनुदानाचे हप्ते आगाऊ नव्हते. आधी खर्च करायचा, तिमाही संपली की दावा पाठवायचा, मग पैसे. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या तिमाहीचा दावा जुलैच्या मध्याला गेला, दोन पावत्यांवर शंका निघाल्या, खुलासे झाले आणि रक्कम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमा झाली. म्हणजे पाच महिन्यांचे पगार, इंधन आणि नावेचे भाडे आम्हाला स्वतःच्या गंगाजळीतून द्यायचे होते, आणि आमची गंगाजळी साडेतीन महिन्यांची होती. उरलेला दीड महिना क्षेत्रावरच्या सहायकांनी बिनपगारी काम केले, ही गोष्ट आजही मला बोचते. अर्ज लिहिताना मी प्रगती मोजण्याच्या निर्देशकांच्या तक्त्यावर तीन आठवडे घालवले होते आणि रोख पैशाच्या ये-जा तक्त्यावर एक दुपार. तुम्ही उलटे करा. आगाऊ हप्ता मागण्याची सोय काही योजनांत असते, पण ती मागावी लागते आणि का हवी हे आकड्यांनी दाखवावे लागते.

दुसरा धोका दिनदर्शिकेचा. ब्रिटनचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असते, जर्मनीचे जानेवारी ते डिसेंबर. वर्षाचा न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी आपोआप येत नाही. पुष्कळदा तो परत जातो, कारण मंत्रालयालाही तो पुढे नेता येत नाही. कासवाला मात्र यांपैकी कोणतेच वर्ष माहीत नसते. समजा तुमच्या कासवाचा अंडी घालण्याचा काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि पैसा मार्चअखेर संपणाऱ्या खात्यातला आहे. मग तुमच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग वर्षाच्या शेवटच्या काही आठवड्यांत येईल, आणि नदी उशिरा उतरली, हंगाम पंधरा दिवस पुढे सरकला, तर तो खर्च पुढच्या वर्षात जाऊन या वर्षीची रक्कम बुडेल. म्हणून अंदाजपत्रक कामाच्या ओळीने न लिहिता आधी महिन्यांच्या ओळीने लिहावे, हंगामाचे काम वर्षाच्या टोकाला येत असेल तर सुरुवातीचा महिना बदलून मागावा, आणि खर्च मागे पडतो आहे असे दिसताच शेवटच्या तिमाहीपूर्वी लेखी बदल मागावा. बदल वेळेत मागणाऱ्या संस्थेला अधिकारी सहसा नाही म्हणत नाहीत. शेवटच्या महिन्यात येणाऱ्या पत्रापुढे ते स्वतःच हतबल असतात.

चलनाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. अनुदान देणाऱ्याच्या चलनात ठरते आणि खर्च तुमच्या चलनात होतो. जून २०१६ मध्ये ब्रिटनच्या सार्वमताचा निकाल लागला, त्या एका दिवसात पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला, आणि पौंडात अनुदान असलेल्या जगभरच्या प्रकल्पांच्या हातातली रक्कम एकही कागद न बदलता आटली. असा तोटा बहुतेक योजना भरून देत नाहीत. पगारांची ओळ सुरक्षित ठेवून कोणता खर्च आधी कापायचा, हे आधीच ठरवलेले असावे.

मग क्षमता कमी असताना करायचे काय? एक मार्ग पायऱ्यांचा आहे: लघु अनुदान घ्या, त्याचा हिशेब निर्दोष द्या, तीन वर्षांची लेखापरीक्षित विवरणे तयार करा आणि मग मोठे मागा. हा संथ आहे, पण पक्का आहे. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेला मुख्य अर्जदार करून आपण भागीदार होणे. त्यात वेळ वाचतो आणि खूप शिकायलाही मिळते, परंतु करार करताना डोळे उघडे ठेवावे लागतात. कार्यालयीन खर्चाचा वाटा, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात, तो कोणाकडे जाणार? मी एका भागीदारीत असे पाहिले आहे की मुख्य अर्जदाराने तो संपूर्ण स्वतःकडे ठेवला आणि ज्या छोट्या संस्थेचा हिशेबनीस, गाडी आणि गोदाम प्रकल्पासाठी राबत होते, तिला त्यासाठी काहीच मिळाले नाही. तीन वर्षांनी प्रकल्प यशस्वी म्हणून गौरवला गेला आणि छोटी संस्था कर्जात होती. सर्वेक्षणाच्या माहितीवर हक्क कोणाचा, शोधनिबंधात नावे कोणाची, विनिमयदराचा तोटा कोणी सोसायचा आणि मुख्य अर्जदाराकडून पैसे किती दिवसांत पुढे यायचे, ही चार कलमे अर्ज पाठवण्याआधी लेखी झाली पाहिजेत. अनुदान मंजूर झाल्यावर ती बोलायला गेलात, तर तोपर्यंत तुमचा आग्रह धरण्याचा काळ संपलेला असतो.

सहनिधीची, म्हणजे अनुदानाच्या जोडीला इतरांकडूनही पैसा उभा करण्याची, अट अनेकांना घाबरवते. काही कायद्यांत तिचे प्रमाण मूळातच कडक होते. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी अमेरिकेने २००० मध्ये केलेल्या कायद्यात संघराज्याच्या एका डॉलरमागे इतरांचे तीन डॉलर दाखवावे लागत. जीईएफचे धोरण तर सर्व प्रकल्प मिळून अनुदानाच्या सात पट सहनिधी उभा राहावा असे सांगते, आणि तिच्या प्रकल्पांत सरकारी खात्यांचे मोठे आकडे का दिसतात हे त्यावरून कळते. बहुतेक योजनांत रोख रकमेबरोबर वस्तुरूप मदतही धरतात: विद्यापीठाने दिलेला प्रयोगशाळेचा वेळ, गावाने दिलेली जागा, स्वयंसेवकांचे दिवस. ती धरताना दर वाजवी ठेवा आणि पुरावा ठेवा, आणि एकच मदत दोन अर्जांत दाखवू नका. हे पकडले जाते, आणि एकदा पकडले गेले की पुढची अनेक वर्षे ते विसरले जात नाही.

परवान्यांबद्दल फक्त इतकेच, की ते अर्जापूर्वी सुरू करावेत. कासवाच्या रक्ताचे किंवा ऊतींचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत जाणार असतील, तर साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखालचा परवाना लागू शकतो, आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात असलेल्या, जनुकीय संसाधनांच्या वापराविषयीच्या नागोया प्रोटोकॉलनुसार देशाच्या प्राधिकरणाची संमती व लाभवाटपाचा करारही. त्याशिवाय अनेक देशांत परदेशातून पैसा घेण्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी असावी लागते. ती नसताना केलेला अर्ज हा सर्वांचा वेळ घालवणे आहे.

गस्तीची कलमे मात्र घाईने लिहू नका. २०१९ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या आशिया व आफ्रिकेतल्या उद्यानांत रक्षकांनी स्थानिक लोकांवर अत्याचार केल्याचे आरोप प्रसिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीचा अहवाल २०२० च्या नोव्हेंबरात आला. तेव्हापासून सरकारी देणगीदार गस्तीच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने पाहतात, आणि त्यांनी तसे पाहणे योग्यच आहे. तुमच्या अर्जात ‘गावकऱ्यांची संरक्षण पथके’ असा शब्दप्रयोग असेल, तर ती पथके कोणत्या कायद्याने, कोणाच्या देखरेखीखाली, काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार संस्थेच्या बाहेरच्या कोणाकडे करता येते, हे लिहिलेले हवे. तक्रार संस्थेच्याच अध्यक्षांकडे करावी असे लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. ती व्यवस्था नसल्यातच जमा.

शेवटचा धोका असा, की ज्यावर तुमचा काही ताबा नाही. लेखाशीर्ष उघडते तसे ते बंदही होते. ब्रिटनने विकास साहाय्याचे प्रमाण २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणले आणि २०२५ मध्ये ते २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने परदेशी विकास साहाय्य ९० दिवसांसाठी थांबवले गेले, अनेक करार पुढे रद्दच झाले, आणि १ जुलै २०२५ पासून यूएसएड या संस्थेचे परदेशी मदतीचे कामच संपले. जी संवर्धन संस्था आपल्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या एका खात्यातून चालवत होती, तिला काम थांबवण्याचे पत्र एका सकाळी आले. तिच्या कामात खोट नव्हती. म्हणून एका सरकारवरचे अवलंबित्व निम्म्याहून जास्त होऊ देऊ नये, असा नियम मी स्वतःपुरता पाळतो, आणि करारातले समाप्तीचे कलम सर्वांत आधी वाचतो: अचानक थांबवल्यास नोटीस किती दिवसांची, आणि तोपर्यंत झालेला व टाळता न येणारा खर्च मिळणार की नाही.

पैसा नियमाप्रमाणे संपला तरी प्रश्न तोच उरतो. तीन वर्षांच्या अनुदानावर कायमचा पहारा बसवता येत नाही. भूतानने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीईएफच्या १ कोटी डॉलरच्या साहाय्याने संवर्धनाचा विश्वस्त निधी उभारला, तो याच अडचणीवरचा तोडगा होता. मुद्दल राखायचे आणि उत्पन्नातून चालवायचे. जर्मनीच्या पुढाकाराने २०२१ मध्ये सुरू झालेला लेगसी लँडस्केप्स फंड एकेका संरक्षित प्रदेशाला वर्षाला १० लाख डॉलर, तेही १५ वर्षे, देण्यासाठी आहे. हे मोठ्यांचे मार्ग झाले. तुमच्या पातळीवर त्याचे रूप इतकेच, की आवर्ती खर्च मुळातच कमी ठेवायचा. दहा पगारी पहारेकरी नेमून तीन वर्षांनी घरी पाठवण्यापेक्षा, गलजाळ्यांचा हंगाम आणि आकार यांविषयी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा स्वतःचा नियम झाला आणि मत्स्यखात्याने तो मान्य केला, तर तो अनुदानाशिवाय चालू राहू शकतो. समित्यांना ‘प्रकल्पानंतर काय’ या प्रश्नाचे ‘आणखी निधी शोधू’ हे उत्तर इतक्यांदा मिळालेले असते की त्याहून वेगळे काहीही वाचून त्या सुखावतात.

आता तुमच्या दोन अर्जांचे. पहिला अर्ज याच वर्षी दुरुस्त करून परत पाठवू नका. घरांची माहिती गोळा व्हायला एक पूर्ण हंगाम लागेल आणि तिच्याशिवाय तो पुन्हा त्याच ओळीवर अडेल. मधल्या काळात लघु अनुदान कार्यक्रमाकडे जाळी आणि घरे यांच्या पाहणीपुरता लहान प्रस्ताव द्या. दुसऱ्या योजनेच्या कार्यालयाला मात्र लगेच पत्र लिहा आणि तीनच गोष्टी विचारा: आर्थिक क्षमता मोजण्याचे त्यांचे सूत्र काय, तुमच्या विवरणांनुसार जास्तीत जास्त किती रक्कम मागता आली असती, आणि मुख्य अर्जदार दुसरा असल्यास भागीदाराला तेच सूत्र लागू होते का. अशी पत्रे फार थोडे लोक लिहितात आणि त्यांना उत्तरे बहुधा मिळतात. उत्तर आले की त्यातली रक्कम बारा महिन्यांत मांडून पाहा, कासवाचा हंगाम त्यांच्या वर्षात कुठे पडतो ते तपासा, आणि पाच महिने पैसे आले नाहीत तर पगार कशातून द्याल याचा आकडा त्याच कागदाच्या खाली लिहा.